सारांश लिहिणाऱ्यांची अवतरणिका

मराठीत न वाचलेल्या पुस्तकाविषयी तासभर बोलण्याची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. परंतु वाचलेल्या पुस्तकाविषयी पाच वाक्ये, आणि तीही दुसऱ्याच्या उपयोगी पडतील अशी, लिहिण्याची विद्या अजून फारशी रुजलेली नाही. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या डिजिटल ग्रंथालयांत ही उणीव विशेष जाणवते. डिजिटल ग्रंथालय म्हणजे ज्याची कपाटे दिसत नाहीत आणि ज्यात पुस्तक उशिरा परत केल्याबद्दल दंड होत नाही असे ग्रंथालय. आणि स्वयंसेवक म्हणजे ज्याला मानधन मिळत नाही व म्हणूनच ज्याला चुकीबद्दल कोणी बोलूही शकत नाही असा कार्यकर्ता. मराठी विकिस्रोतावर जुन्या, हक्कमुक्त पुस्तकांची पाने तपासणारे, ई-साहित्य प्रतिष्ठानासारख्या उपक्रमातून विनामूल्य पुस्तके वाचकांपर्यंत पोहोचवणारे, किंवा दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके टंकून देणारे असे अनेक जण हे काम मनापासून करतात. पुस्तक टंकून होते, तपासून होते, मुखपृष्ठही चढवून होते. मग नोंदीच्या तळाशी 'सारांश' नावाची एक रिकामी चौकट उरते, आणि इथवर आलेला माणूस नेमका तिथे डगमगतो.

या चौकटीचा अभ्यास करण्यास कोडोली हे गाव सोयीचे आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील, वारणेच्या खोऱ्यातील हे मोठे गाव. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले वारणानगर त्याला अगदी लागून असल्यामुळे ऊस, दूध, पतसंस्था आणि महाविद्यालय ही आधुनिक जीवनाची चारही अंगे गावकऱ्यांना चालत जाण्याच्या अंतरावर उपलब्ध आहेत. अशा गावात अहवाल लिहिणारे, ठराव मांडणारे, निबंध तपासणारे आणि स्पर्धा परीक्षेच्या नोट्स काढणारे हात मुबलक असतात, आणि यांपैकी कोणताही हात सारांशाच्या चौकटीत उतरला की आपली मूळ सवय बरोबर घेऊनच उतरतो.

पहिला घोटाळा खुद्द गावाच्या नावापासून सुरू होतो. कथाकार शंकर पाटील यांचा जन्म १९२६ साली पट्टणकोडोलीस झाला. हे पट्टणकोडोली हातकणंगले तालुक्यात असून विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळे होणारे ते गाव निराळे. परंतु शंकर पाटलांच्या 'टारफुला' या कादंबरीची नोंद एखाद्या अभिमानी कोडोलीकराच्या हाती लागल्यास सारांशाची सुरुवात 'आमच्या गावचे सुपुत्र' अशी होण्याचा धोका नेहमीच असतो. सातारा शहराच्या कुशीतही एक कोडोली आहे, आणि तिथला अभिमानही काही कमी प्रतीचा नसणार. ग्रंथालयशास्त्रात कोणते नाव नेमके कोणाचे हे एकदा ठरवून ठेवणाऱ्या नोंदीला प्राधिकृत नोंद म्हणतात. गावाच्या अभिमानाला मात्र असल्या कागदपत्रांची गरज कधी भासलेली नाही.

वास्तविक सारांश ही काही बाहेरून आलेली गोष्ट नव्हे. संस्कृत शास्त्रग्रंथांत आरंभीच चार गोष्टी सांगून टाकण्याचा प्रघात होता: ग्रंथाचा विषय कोणता, तो कोणासाठी, त्याचे प्रयोजन काय आणि ग्रंथाचा विषयाशी संबंध कसा. या चौकडीला अनुबंधचतुष्टय म्हणत, आणि आजच्या कोणत्याही ग्रंथालयाच्या अर्जात याहून जास्त काही विचारलेले नसते. समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या पहिल्याच समासात श्रोत्यांच्या तोंडी ग्रंथाचे नाव, त्यातील विषय आणि श्रवणाचे फळ यांविषयीचे प्रश्न घातले आणि लगेच क्रमाने उत्तरे दिली. वीस दशके व दोनशे समास पुढे उभे असताना वाचकाला दारातच सगळे स्पष्ट सांगणारा हा लेखक आज असता, तर कोणत्याही ग्रंथालयाने त्याला नोंदणी विभागाचा प्रमुख नेमले असते. श्रीगुरुचरित्राच्या शेवटी तर एक अख्खा अध्याय अवतरणिकेचा आहे. अवतरणिका म्हणजे मागील प्रत्येक अध्यायात काय आले याची ओवीबद्ध यादी. नृसिंहवाडी ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातील घराघरांत ती माहीत असते, आणि रोज पोथी वाचणे न जमणारे अनेक जण अवतरणिकेवरच भागवतात.

परंतु पोथीत अवतरणिकेच्या जोडीला आणखी एक प्रकार असतो, तो फलश्रुतीचा. अवतरणिका पोथीत काय आहे ते सांगते. फलश्रुती पोथी वाचल्याने काय मिळेल ते सांगते, म्हणजे रोग जातील, दारिद्र्य फिटेल, अपत्य होईल. पोथीला दोन्ही शोभतात. घोटाळा असा झाला आहे की आधुनिक मराठी माणसाने अवतरणिका पोथीतच ठेवली आणि फलश्रुती तेवढी पुस्तकाच्या मलपृष्ठावर आणून चिकटवली. 'प्रत्येकाने एकदा तरी वाचावे', 'आयुष्याकडे पाहण्याची दृष्टी बदलून टाकणारे', 'संग्रही असायलाच हवे' ही सर्व वाक्ये शुद्ध फलश्रुती होत, कारण ती दासबोधाला, पाककृतींच्या पुस्तकाला आणि शेळीपालनाच्या मार्गदर्शिकेला सारखीच लागू पडतात. जे वाक्य कोणत्याही पुस्तकाला चालते ते कोणत्याच पुस्तकाचे सारांश-वाक्य नसते, एवढी एकच कसोटी लावली तरी डिजिटल ग्रंथालयांतील निम्म्या चौकटी पुन्हा रिकाम्या होतील.

छापील ग्रंथालयात हा प्रश्न कोणाला जाणवला नाही, कारण तिथे सारांश इतर मार्गांनी मिळत असे. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली सुरू झाले, म्हणजे सार्वजनिक वाचनाची या भागातील सवय चांगली पावणेदोनशे वर्षांची आहे. आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावच्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. वर्ग कोणताही असो, पुस्तक उघडताच शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी दिसे, आणि तिच्यावर शिक्क्यांची गर्दी असेल तर पुस्तक न्यावे, एकच शिक्का असेल तर जपून असावे, हे वाचक आपोआप शिके. त्या चिठ्ठीच्या आसपास पूर्वीच्या वाचकांनी पेन्सिलीने केलेले लेखन असे: 'बरे आहे', 'मधली चाळीस पाने सोडली तरी चालतील', 'शेवट गंडलाय', आणि खाली दुसऱ्या हस्ताक्षरात 'तुला कळला नाही'. ग्रंथपाल या लेखनाला पुस्तकाची विटंबना म्हणत आणि त्यासाठी दंडाची पाटीही लावत. तथापि संशोधनाच्या दृष्टीने पाहिल्यास मराठीतील विनामूल्य, निःस्वार्थी आणि नेमक्या सारांशलेखनाचा हाच पहिला नमुना होय. रहस्यकथेच्या पान नऊवरच खुन्याच्या नावाभोवती गोल करून ठेवणारे काही समाजकंटकही या परंपरेत होऊन गेले, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

डिजिटल पुस्तकाला शेवटचे पान असते, पण त्यावर चिठ्ठी नसते. त्याचे वजन हातात कळत नाही, ते मधूनच उघडून चार ओळी चाखून पाहता येत नाहीत, आणि जो वाचक कानांनी वाचतो त्याच्यापाशी तर मुखपृष्ठाचाही आधार नसतो. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर वापरतो, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली वापरतो. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात अशी सोय झाली की अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात कोणतेही पुस्तक ना-नफा तत्त्वावर तयार करून देता येते. पुढे याच हेतूने झालेल्या माराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला, आणि २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे अशा वाचकांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. अशा ग्रंथालयाच्या वाचकाला पुस्तक निवडताना नोंदीतील चार-पाच वाक्यांखेरीज दुसरे काहीच हाती लागत नाही. त्या वाक्यांत जर 'अप्रतिम!!!' असे लिहून पुढे हात जोडलेल्या चिन्हांची रांग लावलेली असेल, तर स्क्रीन रीडर ती चिन्हे इमानदारीने एकेक करून नाव घेऊन वाचतो, आणि कादंबरी प्रेमकथा आहे की दुष्काळावरची, हे कळण्याऐवजी वाचकाला सहा वेळा नमस्कार घडतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली, त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचे आहे. नमस्कारांचा हिशेब त्यांनी त्यात धरलेला नसावा.

कोडोलीच्या पंचक्रोशीत आढळू शकणाऱ्या सारांशांची घराणी पाहिली असता पहिला मान सहकारी घराण्याला द्यावा लागतो. ज्याने आयुष्यभर संस्थेचे वार्षिक अहवाल लिहिले, तो पुस्तकाचा सारांशही सदर, उपरोक्त आणि मा. या तीन खांबांवर उभारतो: 'सदर पुस्तकात मा. लेखक महोदयांनी विविध विषयांचा सविस्तर आढावा घेतला असून सर्व प्रकरणे खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली आहेत.' यात खोटे काही नाही. फक्त पुस्तक कशाविषयी आहे तेवढे सांगायचे राहिले, पण सर्वसाधारण सभेलाही नफा कशातून झाला हे कुठे सांगितलेले असते?

दुसरे घराणे निवृत्त मुख्याध्यापकांचे. त्यांना तात्पर्याशिवाय पुस्तक मिटता येत नाही. नारायण धारपांच्या भयकथेतूनही त्यांना वेळेवर घरी परतण्याचा आणि वडीलधाऱ्यांचे ऐकण्याचा बोध होतो, आणि तो ते सारांशात क्रमांक घालून देतात. तिसरे घराणे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतून येते. 'ययाति'चा सारांश लिहायला सांगितल्यास हा तरुण बेधडक लिहून जातो की लेखक वि. स. खांडेकर, कादंबरी १९५९ ची, साहित्य अकादमी १९६०, ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी साहित्यिक, वर्ष १९७४. एकही तपशील चुकलेला नसतो, एकही गुण कापता येत नाही, आणि ययाति नावाच्या राजाने कादंबरीत काय केले याचा मागमूसही लागत नाही. चौथे घराणे वाढदिवसाच्या फलकांवर वाढलेले. ते कर्णाला 'काळीज' आणि बाजीप्रभूंना 'वाघ' म्हणून मोकळे होते, आणि अर्जात 'विषय' असा रकाना दिसला की त्यापुढे निःसंकोचपणे 'हार्ड' असे भरते. या शेवटच्या नोंदीला कोल्हापूरच्या बाहेर अर्थ नाही; जिल्ह्याच्या हद्दीत मात्र ती पुरेशी शिफारस समजली जाते.

पाचवे घराणे माणसांचे नाही, यंत्राचे आहे. पुस्तकाचे नाव सांगितले की ते क्षणात सारांश तयार करून देते, आणि तो वाचून पुस्तकात प्रेम, त्याग, संघर्ष आणि मानवी नात्यांची गुंतागुंत यांचा संगम झालेला आहे असे कळते. पुस्तक न वाचता बोलण्याच्या मराठी परंपरेला इतक्या दिवसांनी तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळाला, एवढेच याविषयी म्हणता येईल.

सारांश खरा असूनही निरुपयोगी असू शकतो, हा या विषयातील सर्वांत नाजूक भाग. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'विषयी 'खेड्यातला मुलगा शिकायला पुण्याला जातो आणि गावी परत येतो' असे लिहिले, तर ते शंभर टक्के खरे आहे. परंतु कोडोलीच्या एस.टी. स्टँडवर हे वाक्य वाचणाऱ्या पालकाला त्यात कादंबरीऐवजी स्वतःच्या घरची हकिगत दिसेल आणि तो पुस्तक उघडण्याऐवजी मुलाला फोन लावील. उपयोगी सारांशात गोष्टीइतकीच ती सांगण्याची तऱ्हाही यावी लागते. शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' घेतले, तर 'दानशूर कर्णाची काळीज पिळवटून टाकणारी अजरामर गाथा' हे वाक्य वाचकाला आधीपासून माहीत नसलेले काहीही सांगत नाही, कारण कर्ण दानशूर होता हे मराठी मुलाला पहिलीच्याही आधी ठाऊक असते. याउलट, ही कथा कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण या सहा जणांच्या तोंडून आलटूनपालटून सांगितलेली आहे, कादंबरी १९६७ ची आहे आणि भाषा संस्कृतप्रचुर व भरजरी आहे, एवढे सांगितले की ज्याला ती वाचायची तो वाचतो आणि ज्याला भरजरी भाषेने धाप लागते तो सन्मानाने मागे फिरतो. वाचकाला मागे फिरू देणे हेही सारांशाचे कर्तव्य आहे, हे फलश्रुतीवाल्यांना अजून पटलेले नाही.

शेवट सांगावा की सांगू नये, हा वाद मात्र मराठीत थोडा वेगळ्या पातळीवर खेळला जातो. हरिभाऊ आपटे यांनी कादंबरीलाच 'गड आला पण सिंह गेला' असे नाव देऊन संपूर्ण कथानक, युद्धाचा निकाल आणि जीवितहानी हे सर्व मुखपृष्ठावरच जाहीर करून टाकले, आणि तरीही ती पिढ्यानपिढ्या वाचली गेली. रणजित देसाईंच्या 'स्वामी'त माधवराव पेशव्यांचे काय होणार, हे शाळेत इतिहासाच्या तासाला झोपलेल्यांनाही ठाऊक असते. ऐतिहासिक कादंबरीत शेवट लपवण्याचा आटापिटा म्हणूनच हास्यास्पद ठरतो. 'पानिपतावर नेमके काय घडले हे जाणून घेण्यासाठी अवश्य वाचा' असे लिहिणाऱ्याने मराठी भाषेत 'पानिपत होणे' याचा अर्थ काय होतो ते एकदा आठवून पाहावे. नियम असा की जे जगाला ठाऊक आहे ते सांगावे आणि जे फक्त लेखकाला ठाऊक होते ते सांगू नये. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या सारांशात झुंजार किंवा धनंजय कोणत्या कामगिरीवर निघाला इतपत सांगणे पुरे, गुन्हेगाराचे नाव लिहिणारा मात्र पेन्सिलीने गोल करणाऱ्या त्या समाजकंटकांचा थेट वारस मानावा.

पूर्वी ही जबाबदारी ग्रंथकार स्वतःच उचलत. बाबा पदमनजी यांच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीला 'हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे जोडनाव होते, त्यामुळे वाचक पर्यटनाचे पुस्तक समजून फसण्याची शक्यता उरत नसे. पुढे नावे आखूड झाली, प्रस्तावना लांबल्या, आणि प्रस्तावनाकार तीस पाने लिहून शेवटी 'वाचकांनी स्वतःच वाचून ठरवावे' असे म्हणू लागले. अनेक स्वयंसेवक सारांशासाठी या प्रस्तावनेतला किंवा मलपृष्ठावरचा परिच्छेद जसाच्या तसा उचलतात, आणि तो कोणीतरी लिहिलेला असल्याने त्यावरही हक्क असतो ही गोष्ट विसरतात. अमेरिकी विनोदकार जेलेट बर्जेस याने १९०७ साली मलपृष्ठावरच्या स्तुतीला 'ब्लर्ब' हे नाव दिले ते तिची थट्टा करण्यासाठी. प्रकाशकांनी नाव ठेवले आणि थट्टा तेवढी सोडून दिली.

सारांश लिहिण्याच्या यांत्रिक अडचणीही कमी नाहीत. छापील पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखणारी प्रणाली देवनागरीत ध आणि घ, भ आणि म यांत हमखास गल्लत करते, त्यामुळे भाऊचा माऊ होतो आणि धनाचे घन होऊन ते आकाशात जमा होते. विकिस्रोतावर म्हणूनच तपासलेले पान पिवळे आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासलेले पान हिरवे दाखवण्याची पद्धत आहे. सारांशाला मात्र असा दुसरा डोळा क्वचितच लाभतो. त्यातच तो मोबाईलवर बोलून टंकण्याची सोय झाली. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत, कर्ण्यावर गाणे लावून ट्रॅक्टर जात असताना कोणी 'श्यामची आई'चा सारांश बोलून लिहू लागला, तर त्यात आईच्या वात्सल्यानंतर 'मागची ट्रॉली बघ रे' हे वाक्य उमटणे अपरिहार्य आहे, आणि तपासणारा नसल्यास ते साने गुरुजींच्या नावावर कायमचे जमा होते.

'श्यामची आई'चाच उपयोगी सारांश कसा असावा, याचा एक नमुना येथे देणे अस्थानी होणार नाही. साने गुरुजींनी १९३३ साली बहुतांशी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो अशी रचना असून प्रकरणांना 'रात्र पहिली' पासून 'रात्र बेचाळिसावी' पर्यंत नावे आहेत. पार्श्वभूमी कोकणातील एका घराच्या उतरत्या काळाची. भाषा सोपी, मात्र जुन्या घरगुती चालीरीतींचे शब्द बरेच. दहा वर्षांपुढील मुलांना स्वतः वाचता येईल, त्याहून लहानांना रोज एक रात्र वाचून दाखवता येईल. आजारपण आणि मृत्यूचे प्रसंग आहेत. या नमुन्यात 'डोळे पाणावतात' हे वाक्य नाही. ते पाणावणारच आहेत, त्यासाठी पूर्वसूचनेची गरज नाही.

ज्या स्वयंसेवकांना हे काम करावयाचे असेल त्यांच्यासाठी कामाचा साठा वाढत आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन हक्कमुक्त होते. साने गुरुजींचे २०११ च्या आरंभी झाले, आणि १९७६ साली निवर्तलेल्या वि. स. खांडेकरांचे १ जानेवारी २०३७ रोजी होईल. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या निवेदनांतून उलगडणाऱ्या त्या कादंबरीचा सारांश लिहायला अजून अवधी आहे; ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी तेवढ्यात वाचून घ्यावी.